त्सुनामीची रंगीत तालीम

आलेल्या प्रत्येक पत्राला मी आठवड्याच्या आत उत्तर पाठवतो, असं मी आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आलो आहे. छातीठोकपणे म्हणजे मनातल्या मनात. चारचौघांत सांगायची वेळ आली की माझा घसा बसतो. पण गोष्ट खरी होती. छत्तीस वर्षं आमच्या बेटावरच्या सालेफुआ गावच्या शाळेत मास्तर होतो, निवृत्तीनंतर चर्चचा चिटणीस झालो, आणि पत्राला उत्तर देणं हे एकच काम असं आहे की ज्यात कुणाच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही!

अशा माझ्यासारख्या माणसाने एका पत्राला चौदा महिने उत्तर दिलं नाही. आपत्ती कार्यालयाचं पत्र होतं. बसच्या ड्रायव्हरने ते नारळाच्या पोत्यासोबत माझ्या दारात टाकलं. त्यात चार प्रश्न होते, आणि ते भरून पाठवले की गावाला पिण्याच्या पाण्याची दहा हजार लिटरची टाकी मिळणार होती.

ही टाकी म्हणजे आमच्यासाठी काय होतं ते सांगतो. मागच्या मोठ्या वादळात समुद्र विहिरीत शिरला. नऊ दिवस आम्ही शेजारच्या लोतोआ गावातून बादल्यांनी पाणी आणलं. लोतोआवाल्यांनी पाणी दिलं हो, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक बादलीमागे ते ज्या प्रेमाने हसले, ते हसू अजून आमच्या पोटात मुरड्यासारखं उठतं!

तेव्हा उत्तर पाठवायलाच हवं होतं. पहिला प्रश्न: गावात माणसं किती? सोपा. तीनशे बारा. दुसरा: पाणी कुठून आणता? तोही सोपा, जरा लाजिरवाणा. तिसरा: ज्यांना स्वतःच्या पायांनी उंचावर जाता येत नाही, अशांची नावं लिहा.

इथे माझा पेन थांबला. कारण असं एकच नाव होतं, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीचं. फुआतिनोताई एकाहत्तर वर्षांची. गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. ती आमच्या चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख. तिला चालता येत नाही असं तिच्यासमोर कुणी म्हणत नाही. ती स्वतः म्हणते, "मला चालता येतं. मी जात नाही, एवढंच." अशा बाईचं नाव सरकारी कागदावर लिहायचं?

चौथा प्रश्न त्याहून वाईट होता: धोक्याच्या वेळी सगळं गाव कुणाच्या छपराखाली जमेल?

आमच्या गावात चर्चं दोन. आमचं खाली, समुद्रापासून तीस पावलांवर. नवं सभागृह, निळे खांब, पाद्री इओसुआंचा जीव की प्राण! दुसरं कॅथलिकांचं, वर टेकडीवर. त्यांचं सभागृह जुनं, पण लाट तिथवर पोचायची तर देवालाच स्वतः उचलून न्यावी लागेल. आता कुणीही शहाणा माणूस 'टेकडीवर' असं लिहून मोकळा झाला असता. पण आमच्या पाद्रींना ते कोण सांगणार? आणि ताईला? एकोणीस वर्षांपूर्वी गायन स्पर्धेचा चषक कॅथलिकांनी नेला, तेव्हा तिने सगळ्यांसमोर शपथ घेतली होती, की त्या टेकडीवर ती पाऊल ठेवणार नाही. परीक्षकाचा एक कान जन्मतःच निकामी होता, असं तिचं म्हणणं.

म्हणून मी ते पत्र खमिसाच्या खिशात घेऊन चौदा महिने हिंडलो. दोनदा ते धुतलंही गेलं.

मग एके दिवशी बसच्या ड्रायव्हरने ओरडून निरोप दिला, "मास्तर! आपत्तीवाल्या मासिना बाई गुरुवारी चार वाजता येतायत! त्सुनामीची रंगीत तालीम दाखवा म्हणाल्या! वीस मिनिटांत सगळं गाव टेकडीवर दिसलं तर टाकी तुमची, नाहीतर लोतोआची!"

लोतोआची! मी तिथल्या तिथे बाकावर बसलो.

पण मग माझ्यात एक विलक्षण गोष्ट घडली. मला योजना सुचली! शांतपणे, वहीत रेघा मारून मी ती आखली. चर्चच्या अंगणात आंब्याच्या फांदीला आमची घंटा टांगलेली आहे. घंटा म्हणजे गॅसचं रिकामं सिलिंडर, लोखंडी सळईने ठोकायचं. ठरलं असं, की गुरुवारी चार वाजता मी ती पाच मिनिटं सलग ठोकायची. सलग ठोके म्हणजे त्सुनामी. ऐकलं की सगळ्यांनी टेकडीवर पळायचं. यात चुकण्यासारखं आहे काय? तुम्हीच सांगा!

रविवारी चर्चमध्ये मी हे जाहीरही केलं. फक्त, आशीर्वाद होईपर्यंत मला उभं राहायचा धीर झाला नाही. आणि आशीर्वाद झाल्यावर आमच्याकडे कुणी थांबत नाही. घरी भट्टीतल्या दगडांवर डुक्कर भाजून तयार असतं. मी "बंधुभगिनींनो, त्सुनामी..." म्हणेपर्यंत चर्च रिकामं! पाद्री इओसुआ तेवढे राहिले होते, ते म्हणाले, "मास्तर, काही म्हणालात का?"

"काही नाही," मी म्हणालो. पण दारावर कागद चिकटवला. सुंदर अक्षरात. तो शेळीने खाल्ला, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी मासिना बाई बरोब्बर चारला आल्या. पस्तिशीच्या, चटपटीत, गळ्यात शिट्टी, हातात वेळ मोजायचं घड्याळ. "चला मास्तर, सुरू करू!"

मी सळई उचलली. पाद्री इओसुआंनी माझा हात धरला. "मास्तर! पाहुणी उपाशी आहे, आणि तुम्ही तिला त्सुनामी दाखवताय? लोतोआवाले काय म्हणतील!"

"पाद्रीसाहेब, चारची वेळ..."

"लाट थांबेल! अन्न थंड होतं!"

मग स्वागत झालं. आवा पेयाची वाटी फिरली. गावच्या वक्त्याने पाहुणीच्या खापरपणजोबांपासून सुरुवात केली. ते खापरपणजोबा तिचे नव्हतेच, हे तिसऱ्या पिढीला लक्षात आलं. मग वक्ता मागे वळून दुसऱ्या घराण्याच्या खापरपणजोबांपासून पुन्हा निघाला. त्यानंतर जेवण. नारळाच्या दाट दुधात शिजवलेली अळूची पानं, भाजलेला नीरफणस, मासे, डुक्कर. मासिना बाई प्रत्येक घासाला घड्याळाकडे बघत होत्या आणि प्रत्येक बघण्याला त्यांच्या पानात आणखी एक मासा पडत होता!

अखेर त्या कशाबशा उठल्या तेव्हा सूर्य समुद्राला टेकला होता.

"आता तरी ठोका!" त्या म्हणाल्या.

मी ठोकली. सळई धरून जीव तोडून ठोकली! पाच मिनिटं ठोकायची होती. पण माझ्या दंडात बळ सात ठोक्यांचं. आठव्याला सळई हातातून उडाली आणि मी आंब्याला टेकलो.

बाईंनी घड्याळ दाबलं. आणि काय सांगू तुम्हाला! क्षणात गाव हललं. पाणवठ्यावरच्या बायका उठल्या. मैदानावरचा रग्बीचा खेळ मध्येच थांबला. जो तो झपाझप घराकडे निघाला. ढकलाढकली नाही, आरडाओरड नाही.

"शिस्त बघा!" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज खणखणीत लागला. "सामान घ्यायला घरी गेलेत. आता बघा कसे वर पळतात!"

आमच्या घरांना भिंती नाहीत, खांब आणि छप्पर. त्यामुळे सगळं दिसतं. आणि दिसत होतं ते असं, की प्रत्येक घरात माणसं चटईवर मांडी घालून बसत होती.

"ते बसतायत का?" बाईंनी विचारलं.

"दम घेत असतील," मी म्हणालो. आणि मग माझी नजर सूर्याकडे गेली. सूर्यास्ताला घंटा! अरे देवा, ही तर 'सा'ची वेळ!

'सा' म्हणजे आमची सांजेची प्रार्थना. पहिली घंटा झाली की घरी जायचं. दुसरीला प्रार्थना सुरू. तिसरीला संपली. आणि त्या मधल्या वेळात रस्त्यावर चिटपाखरूदेखील दिसता कामा नये. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून हे चालत आलंय. त्यात शेळीने खाल्लेल्या कागदाची काय पत्रास!

तेवढ्यात रस्त्याच्या कडेने पहारेकरी येऊन उभे राहिले. सा मोडू नये म्हणून गावचे डझनभर गडी रोज असे उभे राहतात. त्यांचा पुढारी तुइवाई. लुंगीसारखा लावालावा नेसलेला, गळ्यात फुलांचा हार, आणि देह असा की दोन घरांच्या मधे उभा राहिला तर तिसरं घर वाटावं!

"बाई, चला, पळत सांगू सगळ्यांना!" मी म्हणालो आणि आम्ही रस्त्यावर धावलो.

"बसा!" तुइवाई म्हणाला.

"अरे तुइवाई, त्सुनामी आहे!"

त्याने समुद्राकडे बघितलं. समुद्र तव्यासारखा सपाट. "कुठाय?"

"म्हणजे, खरी नाही..."

"मास्तर, तुम्हीच मला सहावीत शिकवलंत, सा लागल्यावर हलणाऱ्याला सभ्य म्हणत नाहीत. खाली बसा. बाई, तुम्हीपण. दंड एक पेटी डबाबंद मासे."

"मी सरकारी अधिकारी आहे!" मासिना बाई म्हणाल्या.

"मग दोन पेट्या."

आम्ही रस्त्यात मांडी घातली. बाईंचं घड्याळ टिकटिक करत होतं. सहा मिनिटं. सात. माझ्या डोळ्यांसमोर दहा हजार लिटरची टाकी लोतोआच्या दिशेने घरंगळत चालली होती. मग मला राहवेना. मी चवड्यांवर सरकत सरकत, तुइवाईची पाठ वळताच, आंब्यापाशी गेलो. लोकांना वाटलं असेल साची घंटा; पुन्हा ठोकली तर कळेल काहीतरी वेगळं आहे! ठोकली. सात ठोके.

ही झाली दुसरी घंटा. सगळं गाव एका सुरात गाऊ लागलं!

मासिना बाईंनी कपाळाला हात लावला. चार आवाजांत स्तोत्र चाललं होतं. ताईच्या घरातून तिचा वरचा सूर सगळ्यांच्या वरून येत होता. इतकं सुरेख, की खरी लाट आली असती तर आम्ही अत्यंत शिस्तीत, एकही सूर न चुकता वाहून गेलो असतो! आणि याहून वाईट पुढे. वरच्या मळ्यात काम करणारे चौघेजण, जे सुरक्षित उंचीवर होते, ते घंटा ऐकून धापा टाकत खाली समुद्राकडे आले. प्रार्थना चुकू नये म्हणून!

"तालमीत टेकडीवरून माणसं खाली आलेलं हे पहिलंच गाव," बाई वहीत लिहीत म्हणाल्या.

मी काय केलं असेल? माझी अक्कल तेवढीच. मी तिसऱ्यांदा ठोकली.

तिसरी घंटा. प्रार्थना संपली. लोक हसत बाहेर आले आणि म्हणाले, "आज सा किती लवकर आटोपली!"

बाईंनी घड्याळ थांबवलं. "वीस मिनिटं. टेकडीवर चढलेली माणसं शून्य. मास्तर, मला वाईट वाटतं, पण सालेफुआचं नाव खोडावं लागेल."

मी मान खाली घातली. सहावीच्या वर्गात गणित चुकलेल्या पोरासारखा उभा होतो.

"रोपाती!" ताईची हाक. तिचं घर अंगणाला लागूनच. "इकडे ये. काय घोळ घातलास?"

मी गेलो. मागून बाई आल्या, तुइवाई आला. ताई चटईवर महाराणीसारखी बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने हात पुढे केला. "ते पत्र."

"कुठलं पत्र, ताई?"

"चौदा महिने छाती धरून हिंडतोयस. आधी वाटलं हृदयविकार आहे. मग वाटलं या वयात प्रेमपत्र आलंय की काय! आण."

दिलं. दोनदा धुतलेल्या त्या कागदावर नाक टेकवून तिने तिसरा प्रश्न वाचला. मी डोळे मिटून घेतले.

"माझं नाव कुठाय इथे?"

"अं?"

"ज्यांना उंचावर जाता येत नाही त्यांची नावं लिहा म्हणतायत. लिहिलं का नाहीस?"

"ताई, तू रागावशील म्हणून..."

"लाट आली तर मी रागावू नये म्हणून तू मला खाली ठेवणार होतास? शहाणाच आहेस!" तिने माझ्याकडे बघितलं. आवाज एकदम खाली आला. "अरे, रोज रात्री झोपताना समुद्र ऐकते मी. माझ्याइतकं कुणी नाही ऐकत."



"बाई," ती म्हणाली, "ते घड्याळ पुन्हा लावा. तुइवाई, लोकांना खाली बसवायला तुझ्यात जोर आहे, तसा मला उचलायला आहे का?"

"कुठे नेऊ, मावशी?"

"वर."

"वर... कॅथलिकांकडे?"

"मग काय, चंद्रावर? उचल!"

बाईंनी घड्याळ दाबलं. तुइवाईने ताईला उचललं आणि टेकडीची वाट धरली. ताई वरून ओरडत होती, "हळू! मी काय अळकुड्यांचं पोतं आहे? डावीकडे! अरे, तुझी डावी!"

पहिल्या घरातून कुणीतरी बघितलं. एकोणीस वर्षं! फुआतिनो कॅथलिकांच्या टेकडीवर! दुसऱ्या घरापर्यंत ती बातमी झाली. तिसऱ्या घरापर्यंत तिला पाय फुटले.

"फुआतिनो कॅथलिक झाली!"

"काय?"

"अहो, तुइवाई तिला दीक्षेला घेऊन चाललाय! उचलून!"

मी अतिशयोक्ती करत नाही. करायचा माझा स्वभावच नाही. पण घंटेच्या एकवीस ठोक्यांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं! गाव उठलं. ताटावरची माणसं ताटावरून उठली. गायकवृंदाच्या बायका लावालावा खोचून, "आपली प्रमुख चालली!" म्हणत धावल्या. बाळंतीण दोन्ही जुळ्यांना घेऊन धावली. बाकीच्या पहारेकऱ्यांना वाटलं, एवढे म्हातारेकोतारे अंधारायच्या आत वर कसे चढणार. त्यांनी जो दिसेल त्याला पाठीवर घेतलं. कुठल्या घरात कोण हळू चालतं हे त्यांना तोंडपाठ, रोज संध्याकाळी तेच तर बघतात! आणि या सगळ्यांच्या पुढे, एका हातात अर्धा नीरफणस तसाच धरून, आमचे पाद्री इओसुआ! मी त्यांना कधी चालताना घाई केलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी रग्बीच्या दोन खेळाडूंना मागे टाकलं.

वर कॅथलिकांचे प्रार्थनाप्रमुख पेतेलो पायऱ्या झाडत होते. खालून तीनशे माणसं येताना बघून त्यांच्या हातून झाडू पडला.

"फुआतिनो!" पाद्री धापा टाकत पोचले. "हे मी काय ऐकतोय?"

ताई तुइवाईच्या हातांवरूनच म्हणाली, "ऐकू नका, मोजा! सगळे आले का?"

मासिना बाई कठड्यावर चढून मोजत होत्या. मी वहीतली नावं वाचत होतो. शेवटचं नाव आलं. बाईंनी घड्याळ थांबवलं.

"अकरा मिनिटं! तीनशे चौदाच्या तीनशे चौदा!"

"तीनशे बारा," मी दुरुस्त केलं.

"जुळी धरली नाहीत तुम्ही, मास्तर."

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! तुइवाईने आनंदाच्या भरात ताईला हवेत आणखी वर उचललं. "खाली ठेव, गाढवा!" ती ओरडली. त्याने तिला कॅथलिकांच्या सभागृहात मधोमध ठेवलं. तिने चारी बाजूंना नजर टाकली. "छप्पर बरं आहे," ती म्हणाली. "गाणं मात्र एकोणीस वर्षांपूर्वी होतं तसंच असणार."

पाद्री इओसुआ कठड्यापाशी उभे होते. तिथून आमचं निळ्या खांबांचं सभागृह दिसत होतं, आणि त्याच्या पायरीला लागून समुद्र. त्यांनी ते नीट बघून घेतलं. मग नीरफणस पेतेलोंच्या हातात देऊन म्हणाले, "तुमच्याकडे आलो, रिकाम्या हाताने कसं यायचं."

पेतेलो बिचारे रडायच्या बेतात. घरी तीनशे पाहुणे, आणि चुलीवर एक भांडं अळूच्या पानांचं! ते कळताच आमच्या बायका ताटं आणायला खाली निघाल्या आणि मासिना बाई जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकायला लागल्या, "खाली जाऊ नका! धोका अजून संपलेला नाही!" शेवटी बाईंनीच हार मानली. जेवण वर आलं. मग दोन्ही गायकवृंद गायला बसले आणि चषकाचा वाद पुन्हा निघाला तो वेगळाच.

जाताना बाई मला म्हणाल्या, "टाकी तुमची. पण कागदाशिवाय सरकार हलत नाही. उत्तर पाठवा, मास्तर. आणि ते 'घंटेने सूचना देऊ' वगैरे लिहू नका, कृपा करून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईसमोर कागद घेऊन बसलो. चौथ्या प्रश्नापुढे 'टेकडीवर' लिहिलं. चौदा महिने ज्याला लागले, तो शब्द लिहायला तीन सेकंद लागले. तिसऱ्या प्रश्नापाशी आल्यावर ताई म्हणाली, "'चालता येत नाही' असं लिहायचं नाही. 'उचलून न्यावे लागते' असं लिही. पूर्वी मोठ्या सरदारांनाच उचलून नेत."

लिहिलं. पाकीट बंद करणार तोच तुइवाईची बायको आली. "मास्तर, ती यादी आहे ना, उंचावर न जाता येणाऱ्यांची? त्यात आमच्या ह्यांचं नाव घाला. कालपासून चटईवर पालथे पडलेत. कंबर धरलीय!"

मी ताईकडे बघितलं. ताई छपराकडे बघत होती.

दुपारच्या बसने मी स्वतः शहरात गेलो आणि पत्र पेटीत टाकलं. पत्राला किंचित उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली आहे. तिसऱ्या प्रश्नापुढे नावं दोन आहेत: एक फुआतिनो, आणि दुसरं तिला उचलणाऱ्याचं.